एक पालक मांस खातो, दुसरा खात नाही. मुलाला काय द्यायचं हे कोणी ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मांस खाता, तुमच्या पत्नी खात नाहीत. लग्नाच्या वेळी ‘मूल मोठं झालं की त्याचं तो ठरवेल’ असं बोलणं झालं होतं. आता मुलगा अडीच वर्षांचा आहे, तुमच्या ताटात हात घालतो, आणि जवळजवळ प्रत्येक जेवणाला वाद होतो. वाढीसाठी मांस हवंच, असं तुमचं म्हणणं. ज्याला काही कळत नाही त्याला ते भरवू नये, असं त्यांचं. बरोबर कोण, आणि विचारणाऱ्या नातेवाइकांना सांगायचं काय?

आमच्या घरातही अशीच जोडी आहे. मी खात नाही, नवरा खातो, मुलं दोन, दोघंही आता मोठी झाली आहेत. म्हणजे मी तुमच्या पत्नींच्या बाजूची आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

‘मोठं झाल्यावर ठरवेल’ हे ऐकायला समंजसपणाचं वाटतं, पण त्यात काही ठरलेलंच नसतं. मूल मोठं होईपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा त्याला काहीतरी भरवावंच लागतं. मांस दिलं तरी तुम्ही ठरवलंत, नाही दिलं तरी तुम्हीच ठरवलंत. तेव्हा ‘आम्ही काहीच ठरवलेलं नाही’ या भ्रमातून दोघांनीही आधी बाहेर या.

पोषणाचा मुद्दा पहिल्यांदा निकालात काढू, कारण खरं भांडण बरेचदा त्याच्या आडून चालतं. प्रोटीनची काळजी सोडून द्या. १ ते ३ वर्षांच्या मुलाला अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे दिवसाला १३ ग्रॅम प्रोटीन लागतं. दूध, डाळी, कडधान्यं नीट पोटात जात असतील तर एवढं सहज होतं. लक्ष द्यायचं ते लोह आणि बी-१२ कडे.

बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो साधारण सहा महिन्यांत संपत येतो. त्याच शिफारशींनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि प्रौढ पुरुषाला लागतं ८. एवढ्याशा पोटात बापापेक्षा जास्त लोह घालायचं असतं! तुमच्या मुलाच्या वयाला ही गरज ७ मिलिग्रॅमवर येते. मांसातलं लोह शरीरात सहज शोषलं जातं, डाळी-पालेभाज्यांतलं कमी. म्हणून मांसाशिवाय वाढवायचं तर युक्त्या माहीत हव्यात: कडधान्यं भिजवून, मोड आणून द्यायची, जेवणासोबत लिंबू किंवा क जीवनसत्त्व असलेलं फळ द्यायचं, चहा तर द्यायचाच नाही. आणखी एक, जे शाकाहारी घरांत हमखास चुकतं: ‘मांस नाही ना, मग दूध भरपूर पाजू.’ दुधात लोह जवळजवळ नसतं. अर्ध्या लिटरच्या बरंच पुढे गेलं की दुधानेच पोट भरतं, बाकीचं जेवण मागे पडतं आणि मूल फिकट दिसायला लागतं.

बी-१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. पण तुमच्या मुलाच्या वयाला ते दिवसाला ०.९ मायक्रोग्रॅमच लागतं आणि एक कप दुधात साधारण तेवढं असतं. घरात दूध चालत असेल, अंडं चालत असेल, तर प्रश्न मिटला. दूधही नको असेल तर मात्र बी-१२चं औषध किंवा ते वरून घातलेले पदार्थ यांना पर्याय नाही. ज्या आया प्राणिजन्य काहीच खात नाहीत आणि बी-१२ही घेत नाहीत, त्यांच्या फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांच्या मज्जासंस्थेवर गंभीर परिणाम झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. इथे ‘बघू पुढे’ चालत नाही.

तज्ज्ञांचं काय म्हणणं आहे? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्सने सांगितलं की नीट आखलेला शाकाहार, अगदी व्हीगन (दूध-अंडीही वर्ज्य असलेला) आहारसुद्धा, बालपणात चालतो. त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेने मुलांसाठी व्हीगन आहाराची शिफारस करत नाही असं जाहीर केलं. दोघांचा मतभेद व्हीगन आहारावर होता, दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहारावर नव्हता, हे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शनात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना रोज मांस, मासे किंवा अंडी द्यावीत असं आहे. त्यातलं ‘किंवा अंडी’ तुम्हा दोघांच्या कामाचं आहे. तुमच्या पत्नींना अंडं चालतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी तेच विचारा, कित्येक घरांतला निम्मा वाद तिथेच मिटतो.

म्हणजे ‘मांस दिलं नाही तर वाढ खुंटेल’ हे तुमचं म्हणणं टिकत नाही. पण ‘मांस नाही दिलं तरी सगळं आपोआप होतं’ हेही टिकत नाही. माझा यावर ठाम नियम आहे: जो ‘नको’ म्हणेल, त्याची भरपाईची जबाबदारी. मी आमच्या मुलांना लहानपणी मांस नको म्हटलं, तेव्हा लोह कुठून, बी-१२ कुठून याचा हिशोब माझ्याकडे घेतला, डॉक्टरांशी मी बोलले, रक्ततपासणीची तारीख मी लक्षात ठेवली. तत्त्व माझं आणि धावपळ नवऱ्याची, हे मला न्यायाचं वाटत नाही. उलट बाजूनेही तसंच. तुम्हाला द्यायचं असेल तर काय द्यायचं, ते तुम्ही शिका. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, हॅम, सलामी वगैरे, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही, पण ‘पोषणासाठी’ म्हणून मुलाला सॉसेज देण्यात अर्थ नाही हे त्यातून कळतं. शिवाय चार वर्षांखालच्या मुलाला सॉसेजच्या गोल चकत्या देणं घशात अडकण्याच्या दृष्टीनेही धोक्याचं. मांस मऊ शिजवलेलं, बारीक केलेलं, हाडं-काटे काढलेलं हवं. आणि ते शिजवायचंही तुम्हीच. ज्या बाईला वासही सहन होत नाही तिने रोज उभं राहून ते रांधावं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते, मग ती कितीही घरांत चालत असो.

आता खरा वाद. माझ्या मते तो मूल कोणासारखं होणार याचा असतो. ताटात मांस आलं की एकाला वाटतं मूल आपल्यापासून लांब गेलं, नाही आलं की दुसऱ्याला तसंच वाटतं. हे एकमेकांना स्वच्छ शब्दांत सांगता आलं तर बाकीचं बरंच सोपं होतं. मूल झोपल्यावर बसा आणि दोघांनी एकाच प्रश्नाचं खरं उत्तर द्या: तुझ्यासाठी ही सवय आहे, आवड आहे, की मन खातं असं काही आहे? या तिन्हींचं वजन सारखं नाही. जीव घेणं चूक आहे अशी एखाद्याची मनापासून श्रद्धा असेल आणि दुसऱ्याचं म्हणणं ‘मला आवडतं, त्यालाही आवडेल’ एवढंच असेल, तर लहानपणापुरतं पहिल्याचं ऐकावं असं मला वाटतं. उशिरा सुरू करता येतं, खाल्लेलं परत घेता येत नाही. पण उलटही असतं. मूल अशक्त आहे, डाळी थुंकतं, हिमोग्लोबिन कमी आहे, डॉक्टरही सुचवतात, आणि ‘नको’ म्हणण्यामागे फक्त ‘आमच्याकडे नाही चालत’ एवढंच आहे. तिथे मी खाणाऱ्याच्या बाजूने उभी राहीन, स्वतः खात नसले तरी.

निर्णय कुठलाही घ्या, तीन गोष्टी मात्र होऊ देऊ नका.

चोरून भरवणं. ‘आईला सांगू नको हं’ म्हणत दिलेला घास मुलाला अन्नाबरोबर खोटेपणाही शिकवतो. आणि यात साधा धोकाही आहे. अंडं आणि मासे यांची ॲलर्जी मुलांत नवलाची नाही. संध्याकाळी अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, आणि घरात असलेल्या पालकाला दुपारी काय खाल्लं हेच माहीत नसेल, तर डॉक्टरला सांगणार काय? आजी-आजोबांनाही हे याच शब्दांत सांगा, बहुतेकांना ते लगेच पटतं.

दुसरी गोष्ट, किळस. ‘शी, घाण खातोय बाबा’ हे वाक्य, किंवा ‘घासफूस खाऊन तू आईसारखा मरतुकडा होणार’ हे वाक्य. मूल दोघांचं असतं. एका पालकाच्या ताटाची लाज वाटायला लागली की त्या पालकाचीच लाज वाटायला लागते.

तिसरी, खोटं बोलणं. यावर मी थोडी रेंगाळणार आहे. आमच्याकडे शेवटी ठरलं ते असं: अंडी सुरुवातीपासून, मांस पाच वर्षांनंतर, तेही मुलाने मागितलं तर, आणि बाबाने शिजवलेलं. मुलगी सहा वर्षांची असताना तिने ताटातलं कोंबडीचं हाड उचललं, उलटसुलट करून पाहिलं, शेवटाला चिकटलेली पांढरी कूर्चा नखाने खरवडली आणि विचारलं, “हा खरंच तिचा पाय आहे? चालायचा?” नवरा जेवता जेवता थांबला. “हो. जिवंत होती तेव्हा याच पायावर चालायची.” “मग मारताना दुखलं तिला?” तो म्हणाला, “दुखलं असणार. लवकर संपावं असं बघतात, पण दुखलं असणार.” मी समोर बसले होते. ‘मग नको खाऊस’ हे तीन शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. मी ते गिळले, कारण प्रश्न तिने त्याला विचारला होता आणि त्याने खरं उत्तर दिलं होतं. तिने तो पाय पूर्ण खाल्ला. दोनेक वर्षांनी तिने आपणहून मांस सोडलं. तिच्या धाकट्या भावाने तेच प्रश्न विचारले, तीच उत्तरं ऐकली आणि तो आजही आवडीने खातो. मला दोघांचाही अभिमान आहे, कारण दोघांनाही आपण काय खातो ते ठाऊक आहे.

मुलांना हे सगळं समजत नाही असं धरून चालू नका. हार्वर्डच्या कॅरन हसार आणि पॉल हॅरिस यांनी मांसाहारी घरांत वाढूनही मांस न खाणाऱ्या ६ ते १० वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला होता, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं कारण सांगताना प्राण्यांच्या दुःखाबद्दल बोलत होती. आणि ज्यांनी मांस सोडण्याचं ठरवलेलंच नाही, अशा माणसांना ती वाईट ठरवत नव्हती. आपल्यासारख्या भांडणाऱ्या आई-बापांनी हे दोनदा वाचावं.

मग मूल ‘मोठं’ कधी होतं? ठरावीक वय नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातही आकडा दिलेला नाही. मुलाच्या मताला त्याच्या वयानुसार आणि समजेनुसार वजन द्यावं, एवढं म्हटलं आहे. माझा अनुभव सांगतो की ‘हे कशाचं आहे?’ असं मूल विचारायला लागलं आणि उत्तर ऐकून पुढचा प्रश्न विचारायला लागलं, की त्याच्या ‘हो’-‘नाही’ला किंमत द्यायची वेळ झाली. तोवर काय वाढायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा, त्यातलं किती खायचं ते त्याला ठरवू द्या. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली ही वाटणी आहे आणि ती फार उपयोगी पडते. कोंबूही नका आणि फार मोठं निषिद्धही करून ठेवू नका. जेनिफर फिशर आणि लीअन बर्च यांच्या १९९९च्या अभ्यासात, ज्या खाऊवर बंधन घातलं त्याच्याकडेच मुलांचं लक्ष जास्त गेलं होतं.

तुमच्या घरापुरतं म्हणाल तर: मुलगा तुमच्या ताटात हात घालतो म्हणून त्याला ‘मांस हवंय’ असा अर्थ काढू नका. अडीच वर्षांचं मूल बापाच्या ताटातल्या कशालाही हात घालतं. तुमच्या ताटात डाळ किंवा अंडं असेल ते त्यातूनच त्याला द्या, त्याला बहुधा तेवढंच हवं असतं. अंड्याचं विचारा. मूल फिकट, मलूल दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि लोहाची तपासणी करायची का ते विचारा, म्हणजे तब्येतीचा मुद्दा तरी अंदाजावर राहणार नाही. जे ठरेल ते एका वर्षापुरतं ठरवा आणि कुठेतरी लिहून ठेवा. कायमचं ठरवायला बसलात की दोघंही हट्टाला पेटता.

नातेवाइकांना लांबलचक कारणं देऊ नका. “आम्ही दोघांनी ठरवलंय” एवढं पुरे. फक्त ते तुमच्या नातेवाइकांना तुम्ही सांगा आणि त्यांच्या नातेवाइकांना त्या सांगू देत. तुमच्या आईला तुमच्या पत्नीने ‘नको’ म्हणायचं, अशी पाळी त्यांच्यावर आणू नका.