पहिली कोकरं विकताय? आधी काटा घ्या

दादा, पहिल्यांदा पंधरा कोकरं विकायला काढताय, अभिनंदन! खुराकाचं गणित, जातीची निवड हे सगळं पुढच्या खेपेला बोलू. आत्ता एवढंच सांभाळा.

सगळ्यात आधी लटकता काटा घ्या. व्यापारी पाठीवर, कमरेवर हात दाबून वजन ओळखतो आणि त्याचा अंदाज सहसा त्याच्याच बाजूने चुकतो. तो डोक्यात मटणाचा हिशेब करतो: २५ किलोच्या कोकरातून साधारण ११-१२ किलो मटण. तुम्हीही तोच हिशेब घरी करून निघा. माझी पहिली खेप मी नगावर देऊन टाकली होती, वजन न करता. ती चूक आजही बोचते.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- आईचं दूध सुटल्या सुटल्या तीन महिन्यांची नरं विकणं. खरी वाढ तर त्यापुढे असते. चारा असेल तर थांबा.
- पैशाची नड आहे हे तोंडावर दिसू देणं.
- रात्रभर उपाशी, दाटीवाटीने गाडीत नेणं. किलो-दीड किलो वाटेतच घटतं.

बकरी ईदला भाव चढतो, पण ती दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते. तारीख बघून आतापासूनच आखणी करा. लंगडं किंवा डोळा गेलेलं जनावर कुर्बानीला चालत नाही.

आटपाडी, सांगोला, लोणंद यांपैकी जवळच्या बाजारात आधी एकदा रिकाम्या हाताने जाऊन या. रुमालाखाली बोटं धरून सौदे कसे होतात, ते नुसतं बघा.