भिवंडीत ऑनलाइन विक्रीसाठी गोडाऊनचा गाळा विकत घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की स्टीलचे डबे आणि भांडी ऑनलाइन विकता, माल ठेवून तिथूनच पॅकिंग करून पाठवायला भिवंडीकडे पाच हजार चौरस फुटांचा गाळा बघताय. भाड्यापेक्षा विकत घेणं परवडेल का, आणि कुठला पट्टा चांगला, हे तुमचे प्रश्न. शेवटी एक ओळ आहे: 'कागदपत्रं भाऊ बघतोय, त्याच्या ओळखीचा माणूस आहे.' पट्टा सांगणारे दलाल तुम्हाला पन्नास मिळतील. मी लिहितेय ते त्या शेवटच्या ओळीमुळे.

आमची ठाण्यात साबण-बिस्किटांची एजन्सी होती. बाबांनी उभी केलेली. दादा बाहेरचं बघायचा, म्हणजे कंपनीची माणसं, दुकानदार, गाड्या. बी.कॉम. झाल्यापासून मी आत बसले. हिशेब, बिलं, बँक माझ्याकडे. माल भिवंडीजवळच्या काल्हेरला भाड्याच्या गाळ्यात असायचा. तेव्हा मुंबईत जकात होती. माल भिवंडीत उतरवायचा, लागेल तेवढाच मुंबईच्या हद्दीत न्यायचा आणि तेवढ्याचीच जकात भरायची. भिवंडीतली निम्मी गोडाऊनं या एका हिशेबावर उभी राहिली असं म्हटलं तरी चालेल. मालक दरवर्षी भाडं वाढवायचा आणि बाबा दरवर्षी म्हणायचे, आपलं छप्पर हवं.

२०१३ च्या नवरात्रात दादाने भिवंडीजवळच्याच मानकोलीच्या आतल्या बाजूला एका कंपाउंडमध्ये सहा हजार फुटांचा गाळा शोधला. भाव ठाण्यातल्या टू बीएचकेएवढा. आम्ही सगळे बघायला गेलो. पत्रा नवा होता, शटर नवं होतं, समोर दोन आयशर उभ्या होत्या. बाबा आत जाऊन मधोमध उभे राहिले आणि वर बघत राहिले. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

फाइल माझ्या हातात आली ती दसऱ्याच्या आदल्या रात्री. आत ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती, विजेचं बिल, कराराचा मसुदा आणि सातबारा. सातबाऱ्यावर गावातल्या एका शेतकऱ्याचं नाव. इतर हक्कांच्या रकान्यात एका कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव. आणि खाली बाराच्या नमुन्यात पीक: भात. जिथे मी आठ दिवसांपूर्वी चपला घालून सिमेंटच्या फरशीवर फिरले होते, तिथे सरकारी कागदावर भात होता.

मी दादाला विचारलं, "बिनशेतीचा आदेश कुठाय? बांधकाम परवानगी कुठाय?"

तो म्हणाला, "अगं, घरपट्टी लागलीय. सरकार पावती देतंय म्हणजे मान्यच आहे ना? अख्खं कंपाउंड असंच आहे. तू हिशेब बघ, जागेचं मला कळतं."

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "उद्या दसरा आहे. मुहूर्त चुकवायला नको." दुसऱ्या दिवशी टोकन गेलं. महिन्याभरात नोंदणीकृत करार झाला. खरेदीखत मात्र 'सगळे गाळे विकले की सोसायटीच्या नावाने' करून देणार होते. भागीदार म्हणून त्या करारावर माझीही सही आहे.

घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. जागेवर काहीतरी उभं आहे आणि त्यावर कर घेतला, एवढंच ती सांगते. ते कायदेशीर आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. भिवंडीच्या आसपासच्या ६० गावांसाठी २००७ पासून एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. म्हणजे त्या गावांत गोडाऊन बांधायचं तर मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ दाखला आणि शेवटी भोगवटा दाखला, म्हणजे बांधकाम पूर्ण होऊन वापरायला परवानगी मिळाल्याचा कागद, यांची साखळी हवी. आमच्याकडे त्यातलं काहीही नव्हतं. शिवाय जमीन शेतीचीच राहिलेली, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला कुळकायद्याचं कलम ६३ आड येतं. तेव्हा आम्ही नेमकं काय विकत घेतलं? चार भिंती आणि पत्रा. त्याखालची जमीन आजही आमची नाही.

पाच वर्षं काही बिघडलं नाही, आणि त्यामुळेच दादा जिंकल्यासारखा झाला. मधेच १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, कंपन्यांनी छोटी छोटी गोडाऊनं बंद करून मोठी एकत्र केली. आमचं काम कमी झालं, बाबा थकले. २०१८ मध्ये गाळा भाड्याने द्यायचं ठरलं. ऑनलाइन माल पोचवणाऱ्या एका कंपनीला त्या भागात जागा हवी होती. दादाने बोलणी केली, भाडं जवळजवळ ठरलं, आणि तपासणीला दोघं आले. त्यातली एक पंचविशीची मुलगी. तिच्या हातात लेझरचं मोजमाप यंत्र होतं. बाबांनी चहा मागवला.

तिने उंची मोजली, भिंतीपाशी सोळा फूट. त्यांना रॅकसाठी किमान तीस हवी होती. जमीन किती टन भार घेते ते विचारलं. साध्या कोब्याला कोण भार मोजणार? बत्तीस फुटी कंटेनर कुठे वळतो ते विचारलं. वळत नव्हता, तो नाक्यावरून उलटा आणावा लागायचा. तरी ती म्हणाली की छोट्या केंद्राला हे चालवून घेता येईल. मग वही उघडून म्हणाली, "सर, भोगवटा दाखला आणि अग्निशमनाचा ना हरकत दाखला द्या, बाकीचं मी ऑफिसात बोलते."

दादाने घरपट्टीची पावती पुढे केली. तिने ती नीट वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाली, "ही नाही, काका." बाबांनी मागवलेला चहा येईपर्यंत ते निघूनही गेले होते.

पुढचं थोडक्यात सांगते. बँकेने त्या गाळ्यावर कर्ज नाकारलं. मग नोटिसा लागल्या. नियमित करून घ्यायला गेलो तर जमीनमालकाची संमती हवी, त्यात कुळाचे वारस उभे राहिले, आणि ज्याने गाळे विकले तो फोन उचलेना. आज त्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांचा एक व्यापारी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर आहे. बाबा २०२१ मध्ये गेले. जाण्याआधी त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, "तो कागद आला का गं?"

आता तुमचं. विकत घेऊ नका. निदान पहिली दोन वर्षं तरी नको. पाच हजार फुटांवर स्टीलची भांडी विकणाऱ्याचे पैसे मालात फिरायला हवेत. खरं तर तुम्हाला स्वतःचा गाळा लागतो का, हेच आधी तपासा. मोठ्या ऑनलाइन बाजारांच्या स्वतःच्या गोदामांत माल ठेवता येतो. ती जागा जीएसटी नोंदणीत 'व्यवसायाची अतिरिक्त जागा' म्हणून घालावी लागते, एवढंच. तुमचा माल जड आणि पोचे पडणारा आहे, त्यामुळे स्वतः पॅकिंग करायचा मोह मला समजतो. मग भाड्याने घ्या. भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागेल, पण तुम्ही नियमित नोंदणीत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं. माथाडी मंडळाची लेव्ही आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोण भरणार, हे करारात आधी लिहून घ्या, नाहीतर पहिल्याच गाडीपाशी हमालांच्या टोळीशी वाद होतो. दिवसाला येणारे टेम्पो आणि छोटे हत्ती मोजा. तुमच्या कामात कंटेनर महिन्यातून एकदा येईल, कुरिअरवाला रोज दोनदा.

तरीही विकतच घ्यायचं असेल तर सातबारा, फेरफार (जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी) आणि किमान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांचा वकिलाने काढलेला शोध). वकील तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला चालणार नाही. फेरफार एकेक करून वाचा. कूळ, नवीन शर्त, भोगवटादार वर्ग २, कुळकायद्याचं कलम ४३ यांपैकी एकही शब्द दिसला, तर ती जमीन विकण्यावर बंधन असू शकतं; तिथेच थांबून वकिलाला विचारा. 'आता बिनशेती लागतच नाही' असं कोणीतरी नक्की सांगेल. ते अर्धं खरं आहे. जमीन विकास आराखड्यात त्या वापराच्या झोनमध्ये असेल तर पूर्वीसारखी वेगळी परवानगी लागत नाही, पण त्यासाठीची सरकारी रक्कम भरल्याचं चलन हवंच. ते मागा. बांधकाम चालू असलेल्या नव्या कंपाउंडमध्ये घेत असाल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर मागा. रेरा फक्त फ्लॅटला असतो असं सांगतील, पण कायद्याच्या व्याख्येत गोडाऊन हा शब्द स्पष्ट आहे. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, मागच्या दोन वेळचे बघा. आणि जागा बघायची तर जुलैत, जोराच्या पावसात. कामवारी नदीच्या आणि खाडीच्या कडेचे पट्टे उन्हाळ्यात फार सुंदर दिसतात.

भिवंडीतलं प्रत्येक गोडाऊन असंच आहे असं मात्र समजू नका. मंजूर नकाशे आणि भोगवटा दाखला असलेली चांगली कंपाउंडं आहेत, महाग आहेत, आणि त्यांचा भाव योग्यच आहे. जागा ओळखण्यात दादा चुकला नव्हता हेही मला मान्य आहे. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत आला आहे, माजिवडा ते वडपे रस्ता रुंद होतोय, आणि आमच्या रस्त्यावरचे भाव खरंच चढले आहेत.

तेच तो प्रत्येक लग्नात सांगतो. मागच्या मे महिन्यात आत्याच्या नातवाच्या लग्नात पंगतीत बसून म्हणाला, "हिचं ऐकलं असतं तर आज तिप्पट भाव बघायला मिळाला नसता." माणसांत मी काही बोलले नाही. इथे बोलते. दादा, भाव तिप्पट झाला तो त्या शेतकऱ्याच्या जमिनीचा. तू दहा जणांना गाळा दाखवलास, दहाही जणांनी कागद मागितले आणि दहाही गेले. जे विकता येत नाही त्याचा भाव कशाला मोजायचा?

तुम्ही भावाशी भांडू नका, त्यातून काही हाती लागत नाही. त्याच्याकडून फक्त गावाचं नाव आणि गट नंबर घ्या. आमच्या वेळी सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागायचे. आता डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या १५ रुपयांत निघतो. तो टोकनच्या आधी काढा, स्वतःच्या हाताने, आणि पहिल्यांदा खालचा पिकांचा रकाना वाचा.