घरच्यांसोबत सिनेमा बघायचाय?

आधी लांबी बघा. 'लगान' (2001) जवळजवळ पावणेचार तासांचा. रात्री जेवणं उरकून लावलात तर मॅच सुरू व्हायच्या आत पोरं आडवी होतील. रविवारी दुपारी लावा, मध्यंतराला चहा ठेवा. आणि गाणी पुढे ढकलू नका, आजी त्यासाठीच बसलेली असते!

पुस्तकावरचा पहिला सिनेमा म्हणून मी डोळे झाकून 'द ब्लू अम्ब्रेला' सांगेन. रस्किन बाँडच्या छोट्याशा गोष्टीवर विशाल भारद्वाजने केलेला, जेमतेम दीड तासाचा. निळ्या छत्रीवर डोळा ठेवून बसलेला पंकज कपूरचा हावरट दुकानदार पोरांना लगेच कळतो. पुस्तक नंतर हातात द्या, नाहीतर "पुस्तकात असं नव्हतं" ऐकत बसाल. पुस्तकावरच्याच 'गाईड'ची गाणी घरात सगळ्यांना पाठ असली, तरी नवऱ्याला सोडून निघालेली रोझी लहानांच्या पचनी पडत नाही. तो सिनेमा पोरं कॉलेजात गेल्यावर.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर नजर टाकाच. 2024 पासून 'यूए'मध्येही (म्हणजे लहानांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या सिनेमांत) 7, 13 आणि 16 वर्षांवरचे असे गट आहेत.

'काय बघायचं?' असं मोघम विचारू नका, तासभर ट्रेलरच बघाल. दोन नावं पुढे ठेवा, त्यातलं एक निवडू दे त्यांना.