डिझेल आणि विजेची इंजिनं आलेली असताना रेल्वेनं 1966 मध्ये डब्ल्यूएल हे वाफेचं इंजिन का बांधायला घेतलं?

कारण ब्रँच लाइनचे रूळ. बाकीची कारणं खरी असली तरी त्याच्यानंतरची.

तुमचं आश्चर्य मला समजतं. ज्या चित्तरंजनच्या कारखान्यानं 1961 साली ‘लोकमान्य’ हे विजेचं इंजिन बाहेर काढलं, त्याच कारखान्यानं पुढे 1966 पासून 94 डब्ल्यूएल बांधली. त्याआधीची 10 इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून 1955 साली आली होती. वर्ग एवढाच, 104 इंजिनांचा.

मेन लाइनवर पॅसेंजर गाड्यांसाठी डब्ल्यूपी होतं, ते बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचं देखणं इंजिन. पण त्याच्या एकेका चालक आसावर, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणाऱ्या मोठ्या चाकांच्या आसावर, 18 टनांहून जास्त भार यायचा. ब्रँच लाइनला बहुतेक वेळा मेन लाइनवरून काढलेले जुने, हलके रूळ असायचे आणि पूलही जुनेच. तिथे डब्ल्यूपी घालणं धोक्याचं. डब्ल्यूएलमध्ये हाच भार 17 टनांच्या आत आणला. चाकांची मांडणी तीच ठेवली, पुढे चार छोटी, मध्ये सहा मोठी, मागे दोन. सिलिंडरचा व्यास एका इंचानं कमी करून सव्वाएकोणीस इंच केला, वाफेचा दाब मात्र चौरस इंचाला 210 पौंडच. त्यामुळे ओढण्याची ताकद साधारण दहा टक्केच घटली. मला हा हिशेब फार आवडतो.

हलक्या रुळांवरची भीती काल्पनिक नव्हती. जुलै 1937 मध्ये पाटण्याजवळ बिहटा इथे एक्सबी वर्गाचं इंजिन रुळांवरून घसरलं आणि शंभरहून अधिक माणसं गेली. एक्सबीसुद्धा हलक्या मार्गांसाठीच आखलेलं होतं. म्हणजे वजन कमी केलं की झालं असं नाही, इंजिन वेगात डोलता कामा नये. त्या अपघाताच्या चौकशीनंतर पुढच्या इंजिनांच्या आखणीत याकडे नीट लक्ष दिलं गेलं.

मग डिझेल का नाही? कोळसा आपल्याच खाणींतला होता, तेल परकीय चलन मोजून आणावं लागे. शेड, पाण्याचे पंप, ड्रायव्हर, फायरमन, फिटर सगळं जागेवर होतं. थोडकी डिझेल इंजिनं मिळत ती साहजिकच लांब पल्ल्याच्या गाड्यांना जात.

डब्ल्यूएल जवळून बघायचं असेल तर हरियाणात रेवाडीच्या शेडला जा. तिथे 15005 क्रमांकाचं ‘शेर-ए-पंजाब’ आहे, व्हल्कनच्या दहांपैकी एक. चालक चाक पाच फूट सात इंचांचं, शेजारी उभं राहिलं की त्याची वरची कड साधारण आपल्या डोक्याशी येते. सुटण्याआधी ड्रायव्हर सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी काढून टाकतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी पांढरी वाफ जमिनीलगत सुटते आणि क्षणभर चाकं दिसेनाशी होतात. मग सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, म्हणजे रेग्युलेटर, उघडतो आणि पहिला फुत्कार येतो.

ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी 6 डिसेंबर 1995 ला जालंधर–फिरोजपूर मार्गावर शेवटची धावली. तिला हेच इंजिन होतं.