मतमोजणीची माणसं: पहिल्यांदा नेमणूक करणाऱ्यांसाठी

विधानसभेच्या मोजणीला एका हॉलमध्ये साधारण 14 टेबलं धरा, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचं वेगळं. प्रत्येक टेबलावर पर्यवेक्षक, सहायक आणि सूक्ष्म निरीक्षक (मोजणीवर स्वतंत्र नजर ठेवणारा), म्हणजे 42 माणसं. वर राखीव हवेतच. सकाळी कुणाचा तरी रक्तदाब वाढतोच! सूक्ष्म निरीक्षक केंद्र सरकारी कार्यालयांतून घ्यायचे असतात, तेव्हा बँका-एलआयसीला पत्रं लवकर पाठवा. याद्या येतात, पण त्यात बदली झालेले आणि निवृत्त झालेलेही असतात. फोन करून खात्री करा.

कुणाला टेबल कुठलं, हे मोजणीच्या दिवशी पहाटेच्या शेवटच्या सरमिसळीतच (संगणकाने केलेल्या यादृच्छिक वाटपातच) कळतं. म्हणून प्रशिक्षणात सगळ्यांना सगळं शिकवा. टपाली मतांसाठी मात्र घोषणापत्र आणि लिफाफे तपासायला बारीक नजरेची माणसं निवडा. तिथे वेळ आणि वाद दोन्ही जास्त.

प्रशिक्षणात खरं कंट्रोल युनिट (मतदान यंत्राचा मतं साठवणारा भाग) हाताळायला द्या. आधी सील आणि यंत्राचा क्रमांक 17सी शी (मतदान केंद्रावर भरलेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्याशी) जुळवायचा, मगच ‘रिझल्ट’चं बटण. आकडे जाळीपलीकडच्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना दिसतील असं यंत्र धरायचं, घाई नाही. मतदान संपल्यावर मतदान केंद्राध्यक्षाने ‘क्लोज’ दाबलेलं नसेल तर निकाल दिसतच नाही. अभिरूप मतदान (मतदानाआधीची चाचणीची मतं) पुसलं नसेल तर बेरीज जुळत नाही. अशा वेळी टेबलावर हुज्जत घालायची नाही, यंत्र बाजूला ठेवून निर्णय अधिकाऱ्यांना कळवायचं.

मोबाइल गेटवरच जमा होतात. ओळखपत्रं आदल्या दिवशीच वाटा, आणि नाश्ता सातच्या आत उरका.