मानवी अरोमाटेजला झेब्राफिशमध्ये दोन जनुकं जुळतात, मग खरं कोणतं?

तुमचा प्रश्न असा, की मानवी अरोमाटेज या इस्ट्रोजेन बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक (सीवायपी१९ए१) झेब्राफिशमध्ये शोधलं तर दोन जनुकं समोर येतात, त्यातलं खरं कोणतं? दोन्ही खरी. ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी टेलिऑस्ट माशांच्या (आजचे बहुतेक मासे यातलेच, झेब्राफिशही) पूर्वजात अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, दुप्पट झाला. बहुतेक जोड्यांतलं एक जनुक पुढे गळालं, ही जोडी मात्र टिकली. तिच्यातलं १९ए१ए मुख्यतः अंडाशयात चालतं, १९ए१बी मेंदूत.

तरी स्वतः पडताळून बघाच. शोध प्रथिनाच्या क्रमाने घ्या, डीएनएच्या नको. आपल्या आणि माशांच्या वाटा ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी फुटल्या; कोडॉनच्या (एक अमिनो आम्ल ठरवणारी डीएनएची तीन अक्षरं) तिसऱ्या जागेवर आता वाचण्यासारखं फारसं उरलेलं नाही. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवरून मानवी अरोमाटेजची नोंद पी११५११ घ्या (५०३ अमिनो आम्लं) आणि झेब्राफिशवर (टॅक्सआयडी, म्हणजे प्रजातीचा क्रमांक, ७९५५) ब्लास्टपी हा प्रथिनांचे क्रम शोधणारा प्रोग्रॅम चालवा.

बहुतेक जण चुकतात ते इथे. अरोमाटेज सायटोक्रोम पी४५० कुळातलं. माणसात या कुळाची ५७ चालू जनुकं, झेब्राफिशमध्ये ९० च्या वर. त्यामुळे नगण्य ई-मूल्याच्या (अशा जुळण्या निव्वळ योगायोगाने किती मिळतील याचा अंदाज) हिट्सची रांगच लागते, आणि तीत लांबची चुलत भावंडंही असतात. ई-मूल्यावरून नातं आहे एवढं कळतं, कोणतं ते कळत नाही. म्हणून माशाचं प्रत्येक प्रथिन उलट मानवी प्रथिनांवर शोधा. पहिलं उत्तर १९ए१ यायला हवं. 'दोन्हीकडून सर्वोत्तम एकच' असा नियम लावणारी स्क्रिप्ट वापरलीत, तर जोडीतलं एक जनुक निमूट गायब होईल.

मग मॅफ्ट या प्रोग्रॅमने क्रम जुळवा आणि आयक्यू-ट्री या प्रोग्रॅममध्ये १००० अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांद्या किती भरवशाच्या ते पाहणाऱ्या फेरचाचण्या) घेऊन वंशवृक्ष काढा. त्याआधी जुळणीत हीम (एन्झाइममधला लोहयुक्त रेणू) धरणारं सिस्टीन हे अमिनो आम्ल (माणसात ४३७ वं) जागेवर आहे ना ते पाहा. नसेल तर बहुधा एक्झॉन (जनुकाचा प्रथिन ठरवणारा तुकडा) सुटलेला अर्धवट क्रम हाती आलाय. वृक्षात स्पॉटेड गार हा मासा हवाच. जीनोम दुप्पट होण्याआधीच त्याची शाखा फुटली, म्हणून झेब्राफिशच्या दोन्ही प्रती गारच्या पलीकडे एकत्र यायला हव्यात. बाह्यगट (वृक्षाचं मूळ ठरवायला घेतलेले लांबचे क्रम) म्हणून पी४५०चंच दुसरं कुटुंब घ्या.

शेवटी एन्सेम्बल या जीनोमच्या डेटाबेसमध्ये शेजार, म्हणजे आजूबाजूची जनुकं, तपासा. माणसात १५ व्या गुणसूत्रावर शेजारी जीएलडीएन आणि डीएमएक्सएल२ आहेत. झेब्राफिशमध्ये गुणसूत्र १८ (ए) आणि २५ (बी), दोन्हीकडे बघा, कारण शेजारी प्रतींमध्ये वाटले जातात.

पुढे क्रिस्परने जनुक बंद करणार असाल, तर प्रत नीट निवडा. १९ए१ए बंद केलं की सगळे मासे नर होतात; १९ए१बी बंद केल्याने तसं होत नाही.