वाचकांचे प्रश्न : ४के टीव्ही घ्यावा का?

प्रश्न : मुंबईस नोकरीला असलेला आमचा मुलगा गणपतीला येताना ४३ इंची ४के टीव्ही आणणार आहे. टीव्ही माजघराच्या भिंतीवर असतो आणि आम्ही समोर ११ फुटांवर बसतो. डिशवर बातम्या, मालिका आणि क्रिकेट पाहतो. जास्तीचे पैसे वाया तर जाणार नाहीत ना?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : आपण बसण्याचे अंतर कळवलेत हे फार चांगले केलेत, कारण या निर्णयात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० ठिपके असतात, तर ४के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे चौपट. मात्र ४३ इंची पडद्यावरचे फुल एचडीचे ठिपकेसुद्धा सर्वसाधारण नजरेला सुमारे साडेपाच फुटांपलीकडून वेगवेगळे दिसत नाहीत. मग ११ फुटांवरून त्याहून बारीक ठिपक्यांचा फरक जाणवणे जवळजवळ अशक्यच आहे.

दुसरी बाब प्रक्षेपणाची. साध्या वाहिनीचे चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचे असते आणि ४के संचाला त्यातील एकेका ठिपक्यापासून वीस ठिपके तयार करावे लागतात. हे काम स्वस्त संचात नीट होत नाही. बातम्यांच्या पट्टीतली अक्षरे पसरट दिसतात आणि क्रिकेटचा चेंडू धूसर होतो. दुकानात लावलेली झगझगीत चित्रफीत मुद्दाम ४के मध्येच केलेली असते, म्हणून मुलाने तिच्यावर विसंबू नये. आपण रोज पाहता तीच वाहिनी तिथे लावायला सांगावी आणि ११ फूट मागे उभे राहून पाहावे.

खरे ४के चित्र प्रामुख्याने इंटरनेटवरून येते. नेटफ्लिक्स त्यासाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते. गावात फायबर आले असेल तर प्रश्न नाही, पण मोबाइलच्या डेटावर एका तासाला सुमारे ७ जीबी खर्ची पडतात.

एवढे असूनही ४के घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. ४३ इंच आणि त्यापुढील बहुतेक नवे संच आता ४केच असतात. तेव्हा पैसे ठिपक्यांसाठी न मोजता मोठ्या आकारासाठी, म्हणजे जमल्यास ५५ इंचांसाठी, आणि पडद्याच्या उजळपणासाठी मोजावेत. एचडीआर म्हणजे चित्रातील उजळ आणि गडद भाग एकाच वेळी स्पष्ट दाखवणारे तंत्र; त्यातील उजेड-सावलीचा फरक लांबूनही कळतो, मात्र पडदा पुरेसा उजळ नसेल तर खोक्यावरच्या एचडीआर या शिक्क्याला फारसा अर्थ राहत नाही.

खाऱ्या हवेने आपल्याकडे संचामागच्या जोडण्या गंजतात आणि पावसाळ्यात विजेचा दाबही कमीजास्त होतो. त्यामुळे स्टॅबिलायझर घ्यावा, गडगडाट सुरू होताच प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढावीत, आणि कंपनीचा तंत्रज्ञ आपल्या गावापर्यंत येतो का, हे मुलाने बिल करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.